मीटरची लुकलुक मोजा, मग बचतीचं बघू

आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच वाद चालायचा, बल्ब कुणी चालू ठेवला. सासूबाई दिवाबत्ती झाली की देवघरातला सोडून सगळे बल्ब बंद करत फिरायच्या, पोरं मागून परत लावायची, आणि ह्या सगळ्यात सकाळी सहाला लावलेला गिझर नऊ वाजेपर्यंत तसाच चालू असायचा, त्याच्याकडं कुणाचं लक्षच नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीत बिल एकदम वाढून आलं तेव्हा मी ठरवलं की आता भांडायचं नाही, मोजायचं. तेव्हापासून जे कळलं ते इथं लिहितेय. मी काही इंजिनियर नाही, पण शाळेतलं विज्ञान आणि घरातला मीटर एवढ्यावर बरंच समजतं.

पहिली गोष्ट युनिट. बिलावर युनिट युनिट लिहिलेलं असतं पण तो केवढा हे डोळ्यासमोर येत नाही. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, हे पुस्तकातलं झालं. मला ते खरं कळलं कोयनेमुळं. कोयना प्रकल्प आपल्याच सातारा जिल्ह्यातला, सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅटचा. तिथं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणच्या बाजूला खाली सोडतात, साधारण चारशे-पाचशे मीटर. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी पडलं की त्यातून मिळते अंदाजे एक युनिट वीज. म्हणजे आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी आख्खी डोंगरावरून खाली ओतली तेव्हा एक युनिट! आपल्याकडची बरीचशी वीज कोळशातून येते, पण अंदाज यायला हे चित्र चांगलं आहे. आणि दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की ती टाकी रिकामी. ९ वॅटचा एलईडी बल्ब मात्र त्याच टाकीवर १११ तास चालेल, रोज पाच तास लावला तरी बावीस दिवस.

हे कळलं आणि बल्बचा वाद आमच्याकडं तिथंच थांबला. पंखा, बल्ब, टीव्ही ह्या वस्तू थोडं थोडं खातात. खरी वीज कुठं जाते तर काहीतरी तापवण्यात नाहीतर गार करण्यात. गिझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक केटल, एसी, फ्रीज. गॅसचंही तेच. घरातलं उष्णतेचं काम कुठं कुठं चालतं ते शोधलं की पैसे कुठं चाललेत ते सापडतं.

आता मोजायचं कसं. मीटरकडं नीट बघितलंय का कधी? त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा असतो, आमच्यावर ३२०० आहे, काहींच्या मीटरवर १६०० किंवा ६४०० पण असतो. त्याचा अर्थ एवढाच की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडला. मग घरातलं सगळं बंद करायचं, फ्रीजसुद्धा, आणि एकच वस्तू चालू करून मिनिटभरात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजायचं. ३२०० चा मीटर असेल तर त्या आकड्याला साधारण १९ नं गुणा, वॅट मिळाले. (दुसरा आकडा असेल तर साठ हजाराला त्या आकड्यानं भागा, आणि जे येईल त्यानं गुणा.)

आम्ही एका रविवारी केलं हे. धाकटा मोबाईलमध्ये टायमर लावून स्टुलावर उभा, थोरली वहीत लिहितेय, मी घरात बटणं दाबतेय. हॉलमधला जुना पंखा, मिनिटाला चार वेळा, म्हणजे ७५ वॅट. देवघरातला बल्ब, पोरगं म्हणतंय आई लागतच नाही, मग दोन मिनिटं होत आली तेव्हा एकदा लुकलुकला. आणि गिझर लावला तर दिवा इतका जोरात की पोराला मोजताच येईना, मिनिटाला शंभराच्या वर. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी काही सांगायची गरजच पडली नाही, त्याच म्हणाल्या, "अगं, हा तर भडभडून खातोय की." पोरांना शाळेत वॅट, पॉवर सगळं शिकवतात पण त्या सकाळी त्यांना ते जितकं कळलं तितकं पुस्तकातनं नाही कळणार, म्हणून मी सगळ्यांना सांगते, एकदा पोरांना घेऊन करा.

एक मात्र आधीच सांगते, नुसतं बघायचं आणि मोजायचं, मीटरला, सीलला, वायरला हात लावायचा नाही.

मग बिल. लाईट बिलात तीन-चार वेगळे पैसे असतात. स्थिर आकार, हा तुम्ही एकही युनिट नाही वापरला तरी द्यावाच लागतो. वीज आकार, हा युनिटप्रमाणं. वहन आकार, म्हणजे वीज तुमच्या दारापर्यंत आणून द्यायचे पैसे, तोही युनिटप्रमाणंच. इंधन समायोजन आकार, तो कमीजास्त होत असतो. आणि घरगुती बिलात ह्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे एक युनिट कमी वापरला की त्याचा वीज आकार वाचतो, वहन आकार वाचतो आणि दोन्हीवरचं शुल्कही वाचतं.

आता टप्पे. घरगुती ग्राहकाला ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर असे टप्पे आहेत. दर बदलत राहतात म्हणून मी इथं लिहीत नाही, तुमच्या बिलावर छापलेले असतात ते बघा, पण पहिल्या शंभर युनिटचा दर आणि पुढच्या टप्प्याचा दर यात जवळपास दुपटीचा फरक असतो. इथं लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, मी तर बऱ्याच जणींकडून ऐकलाय, की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागड्या दरानं लागतं. तसं नाहीये. समजा २४० युनिट पडले तर पहिले १०० स्वस्त दरानंच, फक्त वरचे १४० महाग दरानं. त्यामुळं १०१ वं युनिट पडलं म्हणून घाबरायचं काही कारण नाही. पण ह्यातच दुसरी एक गोष्ट दडलीय ती जास्त कामाची. तुम्ही जेव्हा युनिट वाचवता तेव्हा ते खालचं स्वस्तातलं वाचत नाही, वरचं महागातलं वाचतं. २४० चे २२० झाले तर ते वीसच्या वीस महागड्या टप्प्यातले कमी झाले. आपण बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढतो आणि म्हणतो काय, चार-पाच युनिटनं काय होतंय, पण वाचलेल्या युनिटची किंमत सरासरीपेक्षा जास्तच असते. पुढं मी हिशोबाला सोपं जावं म्हणून युनिट १० रुपये धरलाय, तुमच्या घरात १०० च्या वर वापर असेल तर प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच वाचतील.

आता गिझर, कारण साताऱ्यात थंडीत सगळ्यात मोठा खर्च हाच. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, हे निसर्गाचं गणित आहे, कुठल्याही कंपनीचा गिझर घ्या ते बदलत नाही. डिसेंबरात टाकीतलं पाणी २० अंशाला असतं असं धरू, अंघोळीला ४० पाहिजे, बादली २० लिटरची. २० गुणिले २० गुणिले १.१६, म्हणजे साधारण ४६५, जवळपास अर्धा युनिट. एका बादलीला पाच रुपये. तेच मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच २८ ला असतं, मग त्याच बादलीला पाव युनिटपेक्षा थोडी जास्त.

ह्यातनं दोन-तीन गोष्टी सरळ निघतात. दुकानात सांगतात की छोटा इन्स्टंट गिझर कमी वीज खातो. तो तीन हजार वॅटचा असतो, म्हणजे खातो जास्तच, पण कमी वेळ. पाणी तितकंच तापवायचं असेल तर लागणारी उष्णता तितकीच, मग रॉड असो, इन्स्टंट असो नाहीतर टाकीवाला. फरक कुठं पडतो तर तापवून ठेवलेलं पाणी जे निवतं त्यात. टाकीवाला गिझर तीन तास चालू ठेवला तर तो निवलेलं पाणी परत परत तापवत बसतो. आणि सगळ्यात वाया जातं ते शेवटच्या अंघोळीनंतर. शेवटचा माणूस अंघोळ करून निघतो, जेवढं गरम पाणी गेलं तेवढं गार पाणी टाकीत भरलेलं असतं, स्विच चालूच, आणि गिझर इमानदारीनं ते पंधरा लिटर पाणी परत तापवतो, कुणासाठी? कुणासाठीच नाही. ३० अंशानं तापवलं तरी अर्ध्या युनिटच्या वर गेलं. महिन्याला पंधरा युनिट, दीडशे रुपये, एका माणसानं एक बटण दाबलं नाही म्हणून.

आमच्याकडं आता साधा नियम आहे, शेवटचा माणूस बाथरूममध्ये शिरतानाच गिझर बंद करतो, टाकीत जे तापलंय ते त्याला पुरतं. आणि सगळ्यांच्या अंघोळी एकामागोमाग एक. ह्याला एक रुपया खर्च नाही, आणि माझ्या मते ह्या आख्ख्या लेखातली हीच एक गोष्ट केली तरी पुष्कळ झालं.

गॅस गिझर पैशाच्या हिशोबात स्वस्त पडतो हे खरं आहे, सिलेंडर ९०० रुपये धरला तर बादलीला तीन रुपयांच्या आत. पण तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका, हात जोडून सांगते. त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आत कळतही नाही. बसवायचाच तर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि पाईप आत घ्या. बादलीमागं दोन रुपये वाचवण्यासाठी माणूस गमवायचा नाही. गच्ची स्वतःची असेल तर सोलरसारखं काही नाही, फक्त आपल्याकडं पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन नसतं तेव्हा त्याच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

आता स्वयंपाकघर, आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण गॅस आपण डोळ्यासमोर जाळतो आणि तरी आपल्याला दिसत नाही.

एक लिटर पाणी २० अंशावरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेच एक लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ करून उडवायचं म्हणलं तर त्याच्या जवळपास पावणेसात पट उष्णता लागते. परत वाचा, पावणेसात पट. आणि उकळी फुटल्यावर तुम्ही गॅस कितीही मोठा ठेवा, पाणी त्याहून जास्त गरम होतच नाही. साताऱ्याच्या उंचीवर ते ९७-९८ अंशाला उकळतं आणि तिथंच थांबतं. मोठ्या गॅसनं काय होतं, तर फक्त वाफ जास्त होते. डाळ लवकर शिजत नाही, बटाटा लवकर शिजत नाही, नुसतं पाणी उडतं आणि मग आपण वरनं आणखी पाणी घालतो.

त्यामुळं दोनच सवयी, उकळी आली की गॅस बारीक, आणि भांड्यावर झाकण. झाकण नसलं आणि पाव लिटर पाणी उडालं तर साधारण २० ग्रॅम गॅस गेला. दिवसातून तीनदा असं झालं तर महिन्याला १८०० ग्रॅम. घरगुती सिलेंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो, म्हणजे एक अष्टमांश सिलेंडर नुसता वाफेवर गेला.

वाफ उडवणं किती महाग असतं हे बघायचं असेल तर कंदी पेढ्याचा विचार करा. एक लिटर म्हशीच्या दुधाचा खवा होतो दोनशे-अडीचशे ग्रॅम, बाकीचं पाऊण लिटरच्या आसपास पाणी कढईतनं उडवावं लागतं, तेही झाकण न ठेवता, सतत ढवळत. घरच्या गॅसवर केलं तर लिटरमागे कमीत कमी ६० ग्रॅम गॅस त्या पाण्यावरच खर्च होणार. पेढ्याला ते करावंच लागतं, त्याशिवाय तो खमंगपणा येत नाही. पण वरणाला का करायचं?

कुकरचं गणितही हेच आहे. वाफ कोंडून धरली की दाब वाढतो आणि पाणी १२० अंशाच्या आसपास जाऊनही पाणीच राहतं, म्हणून डाळ झटकन शिजते. महाबळेश्वरला राहणाऱ्यांना हे विचारा, तिथं पाणी ९५-९६ अंशालाच उकळायला लागतं त्यामुळं उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. आता बघा, प्रत्येक शिट्टी म्हणजे कोंडलेली वाफ बाहेर, म्हणजे गॅस बाहेर. दाब एकदा तयार झाला की तो टिकवायला अगदी बारीक आच पुरते. मी पहिल्या शिट्टीनंतर गॅस एकदम बारीक करते आणि शिट्ट्या मोजायच्या सोडून मिनिटं मोजते. डाळ तासभर आधी भिजत घातलेली असेल तर आठ-दहा मिनिटांत होते. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला, तिचं म्हणणं शिट्टीशिवाय शिजलं हे कळणार कसं, मग एकदा तिच्यासमोरच उघडून दाखवला कुकर.

बाकी छोट्या गोष्टी. जाळ भांड्याच्या बाहेर येत असेल तर तो भिंत तापवतोय. जाळ निळा हवा, पिवळा आला, भांड्याला काजळी धरली की बर्नर साफ करायला झालाय. फ्रीजमधलं दूध, भिजवलेलं कडधान्य अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, तेवढं तापवायचं काम हवा फुकटात करते.

फ्रीजबद्दल पटकन सांगते. रात्री फ्रीज बंद ठेवून फार काही वाचत नाही, सकाळी परत गार करायला त्यातली बरीचशी वीज लागतेच आणि वर दूध नासलं तर नुकसानच. त्यापेक्षा मागं भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा, कारण तो आतली उष्णता मागनं बाहेर टाकतो, तिला जायला वाट पाहिजे. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, ती सहज ओढून निघाली तर रबर गेलं. नवीन घेताना लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलेलं असतं, स्टारपेक्षा तो आकडा बघा आणि बाराने भागा, महिन्याचे युनिट निघतात.

पंख्याचं मात्र बघण्यासारखं आहे. एक पंखा कमीच खातो पण तो दिवसाचे पंधरा तास चालतो. ७५ वॅटचा जुना पंखा महिन्याला ३४ युनिटच्या आसपास, आणि नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटचा, तो साडेतेरा युनिट. वीस युनिटचा फरक, दोनशे रुपये, एका पंख्यामागं. साताऱ्यात थंडीत पंखा लागतच नाही म्हणून सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला, आम्ही हॉलमधला बदलला.

एसी असेल तर २४ वर ठेवा आणि वरनं पंखा लावा, ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं आहे की एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. मोबाईलचा चार्जर नुसता बोर्डात राहिला तर अगदी किरकोळ जातं, त्यावरनं पोरांना ओरडू नका. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स मात्र रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो, दहा वॅट धरले तर महिन्याला सात युनिट, तो बटणावरनंच बंद करा. इस्त्री आठवड्याची एकदम करा, कारण ती तापायलाच वीज जाते. आणि बिलावर छापलेल्या बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, शेवटची तारीख चुकली तर सव्वा टक्का जास्त लागतात, ते बिलावरच लिहिलेलं असतं पण वाचतं कोण.

हे सगळं मी मागच्या उन्हाळ्यात सांगलीला माहेरी सांगत होते. आईला मीटरचं फार आवडलं. मी परत आल्यावर तिचा फोन, म्हणे सगळं बंद केलं, फ्रीज पण काढला, तरी मिनिटाला चार वेळा लुकलुकतोय, मीटर बिघडलाय का. मी म्हणलं थांब, मिनिटाला चार म्हणजे आख्खा एक पंखा चालू आहे कुठंतरी. भावाला सगळं घर फिरायला लावलं. टाकीची मोटर बंद, बेल काढली, शेवटी जिन्याखाली इन्व्हर्टर. लाईट असताना तो बॅटरी चार्ज करत असतो, बॅटरी भरली की थांबायला पाहिजे, पण ती बॅटरी आठ वर्षांची, भरायचीच नाही, रात्रंदिवस ओढत बसलेली. भावानं खोक्यावर हात ठेवला तर चांगलं गरम लागत होतं, आणि आई म्हणाली हिच्यात तर सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतंय. बॅटरी बदलल्यावर लुकलुक मिनिटाला एकवर आली. महिन्याला चाळीस युनिटचा फरक.